नवेगांवचें तळें आणि नागझिऱ्याचें रान

शहरांतील कुटुंबांत सुटी जवळ आली म्हणजे सहलीचा विषय निघतो, आणि अलीकडे त्यांत जंगलाचें नांव हटकून येतें. पण जंगल म्हटलें कीं वाघ, आणि वाघ म्हटला कीं ताडोबा, हें समीकरण मनांत इतकें घट्ट बसलेलें असतें कीं पुढचा विचार बहुधा आरक्षण मिळतें कीं नाहीं एवढ्यावरच येऊन थांबतो. वाघ दिसला तर सहल सफल, न दिसला तर पैसे पाण्यांत गेले, असा हिशेब मांडून परत येणारीं कुटुंबें थोडीं नाहींत. ज्या रानांत दोन-तीन दिवस घालविले त्याचें नांव कशावरून पडलें, तेथलें पाणी कोणी अडविलें, कांठावर बसलेलें पांखरूं कोठून आलें होतें, यांतील एकहि गोष्ट त्यांच्या पदरांत पडलेली नसते. विदर्भाच्या पूर्व टोकाला, गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेलें नवेगांव-नागझिऱ्याचें रान असल्या हिशेबाला जुमानणारें नाहीं. तेथें जावयाचें तर बेतच वेगळ्या रीतीनें आंखावा लागतो.

पहिली गोष्ट ही कीं हें एक रान नसून दोन रानें आहेत. मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग साकोली ओलांडून पुढें गेला कीं त्याच्या उत्तरेस नागझिरा राहतो आणि दक्षिणेस नवेगांव. नागझिऱ्याला अभयारण्याचा दर्जा १९७० सालीं मिळाला. त्याचें क्षेत्र सुमारें १५३ चौरस किलोमीटर आहे. नवेगांव १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें; तें सुमारें १३४ चौरस किलोमीटरांचें. पुढें २०१३ सालीं या दोहोंना लगतच्या नवीन नागझिरा, कोका व नवेगांव या अभयारण्यांसह एकत्र आणून महाराष्ट्रांतील पांचवा व्याघ्रप्रकल्प निर्माण करण्यांत आला. त्याचा गाभा साडेसहाशे चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भरतो. कागदावर तो एक आहे. जमिनीवर मात्र दोन तुकड्यांमध्यें शेतें आहेत, गांवें आहेत आणि रात्रंदिवस वाहणारा तो महामार्ग आहे.

पाणी दोन्हीकडे आहे, पण रानाशीं असलेलें त्याचें नातें निराळें. नागझिऱ्यांत आधीं रान आहे आणि त्याच्या पोटांत एक लहानसें तळें आहे. झिरा म्हणजे जमिनींतून सतत पाझरणारें पाणी. उन्हाळ्यांत भोंवतालचे नाले कोरडे पडले तरी हें तळें आटत नाहीं, आणि म्हणूनच चितळापासून गव्यापर्यंत सर्वांची वाट केव्हां ना केव्हां त्याच्या कांठीं येते. नवेगांवला आधीं तळें आहे, आणि रान त्याच्या भोंवतीं उभें आहे. सुमारें अकरा चौरस किलोमीटर पसरलेला तो जलाशय हिंवाळ्यांतील धुक्याच्या सकाळीं पाळीवरून पाहिला तर पलीकडचा कांठ दिसतच नाहीं. एक ठिकाण रानाचें, दुसरें पाण्याचें. ज्या कुटुंबाला तीनच दिवस मोकळे आहेत त्यानें या दोहोंपैकीं मुख्य कोणतें हें घरींच ठरवून निघावें; दोन्ही सारखींच पाहण्याच्या हव्यासांत बहुतेक वेळ मोटारींत जातो.

नवेगांवचें तळें निसर्गानें दिलेलें नाहीं, माणसांनीं बांधलेलें आहे, ही गोष्ट तेथें जाऊन आलेल्या पुष्कळांना ठाऊक नसते. वास्तविक ‘नवेगांव बांध’ या गांवाच्या नांवांतच ती सांगितलेली आहे. हा मुलूख भाताचा. पाऊस येथें भरपूर पडतो, पण तो तीन-साडेतीन महिन्यांत पडून मोकळा होतो. आणि भाताचें पीक तर असें कीं लोंबी भरण्याच्या वेळीं एक पाणी चुकलें तर सारा हंगाम गेला. त्या एका पाण्यासाठीं टेकड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेवर मातीची पाळ घालावयाची, पावसाचें पाणी तिच्यामागें अडवावयाचें आणि गरज पडेल तेव्हां तें खालच्या शेतांना सोडावयाचें, ही विद्या येथल्या कोहळी समाजानें पिढ्यान्‌पिढ्या जतन केली. गोंड राजांच्या अमदानींत तळें बांधणाऱ्याला त्या पाण्याखालीं भिजणारी जमीन मिळे, अशी परंपरा सांगतात. भाताबरोबर उसाचीहि लागवड कोहळ्यांनीं या तळ्यांच्या जोरावर केली. रसेल आणि हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर १९१६ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतहि कोहळ्यांची ओळख तळीं बांधणारे म्हणूनच दिलेली आहे.

नवेगांवचा बांध अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें घातला, असें मानितात. सभोंवारच्या सात टेकड्यांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. या बहिणींनीं बांधाला हातभार लावला अशी कथा आहे, आणि कोलू पाटलाची ‘कोलासुर’ म्हणून पूजाहि होते. तळें बांधणाऱ्याला देवत्व देणारा समाज विरळाच म्हणावयाचा! कथेंतील बहिणींचा भाग अगदींच निराधार नाहीं. टेकड्यांनीं जेथें आयती भिंत उभी केली होती तेथें माणसानें फक्त मधल्या फटी बुजविल्या. थोडकी माती हलवून पुष्कळ पाणी अडविण्याची ती युक्ति आहे, आणि पाळीवरून पायीं चालत गेलें तर ती नुसत्या डोळ्यांनीं समजते. शाळेंत जाणारीं मुलें बरोबर असतील तर त्यांना येथें तासभर हिंडूं द्यावें. भूगोलाच्या पुस्तकांतील चार पानें त्या तासांत उलगडतात.

अशीं लहानमोठीं तळीं या दोन जिल्ह्यांत इतकीं आहेत कीं भंडाऱ्याला तळ्यांचा जिल्हा हेंच नांव पडलें आहे. (गोंदिया हा १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता.) त्यांतील लहान तळ्याला ‘बोडी’ म्हणतात. ब्रिटिश अमदानींत मोठीं तळीं मालगुजारांच्या ताब्यांत गेलीं, म्हणून आज सरकारी दप्तरांत त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. आणि या दोन शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन बोलण्यांत ‘मामा तलाव’ असा सुटसुटीत शब्द रूढ झाला आहे. नवख्या प्रवाशाला तो कोणाच्या तरी मामाचा तलाव वाटतो, यांत त्याचा दोष नाहीं. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली आणि तळीं सरकारकडे गेलीं. पूर्वीं गांवकरी गाळ काढीत, पाळीची डागडुजी करीत; तें काम पुष्कळ ठिकाणीं सैल पडलें. गाळ सांचला, कांठ बेशरमाच्या झुडपांनीं व्यापले. अलीकडे कांहीं गांवांत धीवर समाजानें ही बेशरम उपटून पाण्यांतील देशी वनस्पति पुन्हां लावण्याचें काम हातीं घेतलें आहे. त्या वनस्पति रुजल्या कीं मासे वाढतात, आणि मासे वाढले कीं पक्षीहि परततात. अभयारण्याच्या वाटेवर दिसणाऱ्या अशा एखाद्या साध्या बोडीजवळ मोटार थांबविण्यास कोणाचा परवाना लागत नाहीं, आणि सकाळच्या वेळीं तेथें जें दिसतें तें कित्येकदां परवाना काढून पाहिलेल्या दृश्यापेक्षां उणें नसतें.

मग जावें केव्हां? साधारणतः जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत रान पाहुण्यांना बंद असतें आणि ऑक्टोबरांत उघडतें. दिवाळीच्या सुटींत रान हिरवेंगार असतें, तळें तुडुंब भरलेलें असतें. पण गवत माणसाच्या उंचीचें आणि पाणी जागोजाग, त्यामुळें जनावराला उघड्यावर येण्याचें कारणच उरत नाहीं. चार फेऱ्या करून दोन चितळें पाहिलीं, अशी तक्रार बहुधा याच दिवसांतली असते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ तळ्याचा. मार्चपासून पुढें तो पुन्हां रानाचा होतो. पानगळ झालेली असते, पाणवठे मोजकेच उरतात, आणि ज्याला तहान लागेल त्याला तेथें यावेंच लागतें. वाघ उन्हाळ्यांत अधिक दिसतात याचें कारण वाघांची संख्या नव्हे, पाण्याची टंचाई होय. परंतु एप्रिल-मे महिन्यांत पूर्व विदर्भांतील पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, आणि उघड्या मोटारींत तीन-चार तास तें ऊन सोसणें लहान मुलांना व वृद्धांना झेपण्यासारखें नाहीं. व्याघ्रदर्शनाच्या आशेनें आजी-आजोबांना मे महिन्यांत तेथें नेणाऱ्यांनीं हा विचार अवश्य करावा. ज्यांना ऊन आणि गारठा दोन्ही टाळावयाचे आहेत त्यांना फेब्रुवारीचा उत्तरार्ध सोयीचा. तेव्हां पळस फुललेला असतो, पाहुणे पक्षी अजून गेलेले नसतात, आणि मोहाचीं पहिलीं फुलें गळूं लागण्याच्या बेतांत असतात.

हिंवाळ्यांतील तळें पाहणें ही एक स्वतंत्र विद्या आहे. पाळीवर पोंचल्याबरोबर दुर्बीण डोळ्यांना लावून लांबवरच्या काळ्या ठिपक्यांचीं नांवें विचारूं लागणें हा तिचा मार्ग नव्हे. आधीं पाण्याचे पट्टे ओळखावे. कांठालगतचें उथळ पाणी, जेथें कमळाचीं व इतर पाणवनस्पतींचीं पानें तरंगतात, तें कमळपक्ष्यांचें आणि जांभळ्या पाणकोंबड्यांचें. लांब बोटांचा कमळपक्षी पानांवरून असा चालतो कीं पाण्यावरच चालल्याचा भास व्हावा. त्यापुढें गुडघा-दीड गुडघा पाण्याचा पट्टा लागतो. तेथें थापट्या, तलवार बदक, चक्रांग हीं बदकें डोकें पाण्यांत आणि शेपूट आकाशाकडे अशा स्थितींत चरतांना दिसतात. तीं बुडी मारीत नाहींत. मान पुरेल तेवढ्याच खोलीवर त्यांचा निर्वाह चालतो. त्याच्याहि पलीकडे, खोल पाण्यावर, लालसरीसारखीं बुडी मारणारीं बदकें असतात. शेतांना पाणी सुटत जातें तसतसे हे पट्टे आंत सरकतात, आणि डिसेंबरांत जेथें बदकें होतीं तेथें फेब्रुवारींत चिखलावर चालणारे पाणलावे आणि तुतवार दिसतात. एकाच तळ्याचीं हीं दोन रूपें दोन महिन्यांच्या अंतरानें पाहिलेल्या माणसाला पाटबंधारे व पक्षी यांचा संबंध निराळा शिकवावा लागत नाहीं.

या सर्वांत पट्टकादंब हंसाकडे थोडें अधिक लक्ष द्यावें. राखी अंगाचा, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे असलेला हा हंस तिबेट, लडाख, मंगोलिया येथील उंच सरोवरांवर अंडीं घालतो आणि थंडीसाठीं हिमालय ओलांडून दक्षिणेकडे उतरतो. इतक्या विरळ हवेंतून उडण्याचें सामर्थ्य असलेले पक्षी जगांत मोजकेच आहेत. दिवसा तो पाण्यावर अगर मोकळ्या कांठावर विसांवतो आणि अंधार पडला कीं शेतांत चरावयास जातो. म्हणून तो पाहण्याची खरी वेळ सूर्यास्ताची, थवे एकामागून एक उठूं लागतात तेव्हांची. नेमक्या त्याच वेळीं बहुतेक पाहुणे चहासाठीं विश्रामगृहाकडे वळलेले असतात. सारस पाहण्याची आशा धरून येणाऱ्यांना मात्र एक सूचना करणें इष्ट आहे. महाराष्ट्रांत सारस आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्यांतच उरला आहे हें खरें, पण तो राखीव रानांत राहत नाहीं. भातशेतें आणि गांवतळीं हें त्याचें घर, आणि त्याचें जगणें शेतकऱ्याच्या सद्भावावर अवलंबून आहे. तो दिसला तर लांबूनच पाहावा, आणि घरटें दिसलें तर त्याचा ठावठिकाणा छायाचित्रासह जगजाहीर करूं नये.

नागझिऱ्याची गोष्ट वेगळी. तेथें डोळ्यांपेक्षां कान अधिक उपयोगी पडतात. साग, ऐन, धावडा, बीजा, तेंदू, मोह आणि मधूनमधून बांबूचीं बेटें असें तें पानझडीचें रान आहे. रस्ते वळणावळणाचे, त्यामुळें पन्नास पावलांपलीकडचें कांहीं दिसत नाहीं. जाणता वाटाड्या म्हणूनच मोटार थांबवितो, यंत्र बंद करावयास लावतो आणि ऐकत राहतो. शहरांतील माणसाला ही स्वस्थता पहिल्या दिवशीं असह्य होते. पण रानांतील वार्ता आवाजांनींच पसरत असते. चितळ लहानशा संशयानेंहि ओरडतें. वानर झाडाच्या शेंड्यावरून पाहतो म्हणून त्याच्या ओरडण्याला अधिक किंमत. आणि सांबर सहसा उगाच बोलत नाहीं, तें पुन्हां पुन्हां एकाच दिशेला तोंड करून ओरडूं लागलें तर वाटाड्याचा चेहरा बदलतो. वाघ शेवटीं दिसो वा न दिसो, त्याच्या येण्याची बातमी एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे कशी जाते हें ज्यानें अर्धा तास ऐकलें त्याची फेरी फुकट गेली असें म्हणतां येणार नाहीं.

येथला दुसरा मानकरी म्हणजे रानकुत्रा. तांबूस अंगाचे, काळ्या झुपकेदार शेपटीचे हे प्राणी टोळीनें राहतात, टोळीनें शिकार करितात, आणि पिलांना व पिलांजवळ राखणीस राहिलेल्यांना पोटांतलें अन्न ओकून भरवितात. पूर्वीं त्यांना उपद्रवी ठरवून मारणाऱ्याला सरकारांतून बक्षीस मिळे. आज ते जगांतील संकटग्रस्त प्राण्यांत मोडतात, आणि नागझिरा हें त्यांच्या दर्शनासाठीं नांवाजलेलें ठिकाण आहे. बिबट्या, अस्वल, गवा, नीलगाय, चौसिंगा हे इतर रहिवासी. यांपैकीं अस्वलाविषयीं मात्र सावधगिरी हवी. मोह गळण्याच्या दिवसांत तें पहाटे झाडाखालीं येतें, आणि त्याच वेळीं गांवांतल्या बायाहि टोपल्या घेऊन त्याच फुलांसाठीं आलेल्या असतात. पाहुण्याला अस्वल दिसणें ही गंमत. त्या बायांना तें दिसणें ही जिवावरची गोष्ट. रानाच्या कडेच्या गांवांत उतरलेल्यानें हा फरक ध्यानांत ठेवून बोललेलें बरें.

आतां वाघाविषयीं. नागझिऱ्यांत जन्मलेला ‘जय’ नांवाचा वाघ २०१३ सालीं तेथून निघाला आणि शेतें, नद्या, रस्ते ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्याच्या रानांत जाऊन राहिला. त्याच्या प्रचंड देहामुळें त्याची कीर्ति देशभर झाली. गळ्यांत रेडिओचा पट्टा असूनहि २०१६ च्या एप्रिलनंतर त्याचा पत्ता लागला नाहीं. वाघ असा कां निघतो? वयांत आलेल्या नराला स्वतःचा मुलूख हवा असतो, आणि तो मिळेपर्यंत चालत राहणें हा त्याचा स्वभावच आहे. रानांची साखळी अखंड असेल तर हें चालणें सुखाचें होतें. ती तुटली असेल तर तें विहिरींत, विजेच्या तारांत किंवा मोटारीखालीं संपतें. ब्रह्मपुरीच्या बाजूला वाघ दाटले आहेत आणि माणसांशीं त्यांचे खटके उडतात. उलट नागझिऱ्याला भक्ष्य आहे, जागा आहे, पण वाघिणी थोड्या. म्हणून २०२३ च्या मे महिन्यांत दोन वाघिणी तिकडून आणून नागझिऱ्यांत सोडण्यांत आल्या, आणि २०२४ च्या एप्रिलांत आणखी एक. जनावर उचलून आणणें हा उपाय खरा, पण रस्ता मोकळा असता तर त्यांतील कांहीं आपल्या पायांनींच येऊं शकल्या असत्या. नवेगांव व नागझिरा यांच्यामधून जाणाऱ्या महामार्गावरून रात्रीं भरधांव मोटार हांकीत अभयारण्य पाहावयास येणें, ही विसंगति प्रवाशाच्या सहसा लक्षांत येत नाहीं. साकोलीच्या पुढें अंधारांत प्रवास करण्याची वेळच येऊं नये अशी गाडी निवडावी. आणि आलीच तर वेग उतरवावा.

रानांतील वर्तनाचे नियम प्रवेशद्वारावर लिहिलेले असतात आणि ते वाचले जात नाहींत. खालीं उतरूं नये, ओरडूं नये, खाद्य टाकूं नये, हें सर्वांना तोंडपाठ असतें. जो नियम कोणी लिहीत नाहीं तोच महत्त्वाचा आहे, तो हा कीं वाटाड्याला आणि चालकाला वाघासाठीं गळ घालूं नये. ३१ डिसेंबर २०२४ रोजीं उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यांत एक वाघीण आपल्या पांच बछड्यांसह रस्ता ओलांडीत असतां पर्यटकांच्या मोटारींनीं दोहों बाजूंनीं तिची वाट अडविली. ती चित्रफीत सर्वत्र पसरल्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें स्वतःहून दखल घेतली, आणि चालक व वाटाडे यांच्यावर कारवाई झाली. ही माणसें बहुधा रानाकांठच्या गांवांतलीं असतात. फेरीचे पैसे हाच त्यांच्या घरचा आधार. मागच्या बांकावरून ‘आणखी थोडें पुढें घ्या’ असें म्हणणाऱ्याचें नांव चौकशींत येत नाहीं, चाक हातांत असणाऱ्याचें येतें. कुटुंबांतील वडील माणसानें निघतांनाच वाटाड्याला सांगून टाकावें कीं वाघाची घाई नाहीं, पक्षी-झाडें दाखवा. त्यानंतर तो जितकें बोलतो आणि जितकें दाखवितो, तितकें बक्षिसाच्या आमिषानेंहि दाखवीत नाहीं.

व्यवस्थेचा भाग थोडक्यांत आटोपण्यासारखा आहे. गोंदिया हें मुंबई-हावडा मार्गावरील मोठें स्थानक. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापूर-पुण्याकडून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट तेथवर येते. नागपूरहून मोटारीनें साकोली सुमारें शंभर किलोमीटर, तेथून नागझिरा वीस-बावीस. नवेगांवला कोहमाऱ्याहून दक्षिणेस वळावें. नागझिऱ्याला चोरखमारा व पिटेझरी हीं नेहमींचीं प्रवेशद्वारें आहेत; उतरण्याची जागा एका द्वाराजवळ आणि फेरीचें आरक्षण दुसऱ्या द्वाराचें, असा घोटाळा फार जणांचा होतो, म्हणून द्वाराचें नांव आधीं पाहावें आणि मग खोली घ्यावी. आरक्षण वनखात्याच्या संकेतस्थळावर होतें. त्यांत दिलेलें ओळखपत्रच बरोबर लागतें. साप्ताहिक सुटी, वेळा व दर हंगामागणिक बदलतात, ते त्या त्या वेळीं तपासून घ्यावे. वैशाख पौर्णिमेच्या रात्रीं पाणवठ्यावरील मचाणावर बसून प्राणी मोजण्याचा जो उपक्रम वनखातें करितें, त्यांत जागा मिळाली तर ती रात्र जन्मभर आठवते. पण ज्याला बारा तास न बोलतां, न खोकतां बसणें शक्य नाहीं त्यानें ती जागा दुसऱ्यासाठीं सोडावी.

सामानांत मातकट किंवा पानांच्या रंगाचे कपडे असावे. हिंवाळ्यांत पहाटेच्या फेरीला घोंगडीचा मोह आवरूं नये. उघड्या मोटारींत वारा हाडांपर्यंत पोंचतो. हा मुलूख हिवतापाचा आहे, तेव्हां मच्छरदाणी आणि अंगभर वस्त्रें हवींत. नेहमींचीं औषधें बरोबर घ्यावीं, कारण तीं मिळण्याचें ठिकाण साकोली किंवा गोंदिया. अत्तरें घरीं ठेवावीं. पुस्तक मात्र एखादें अवश्य घ्यावें. व्यंकटेश माडगूळकरांनीं या रानांत राहून ‘नागझिरा’ लिहिलें. मारुति चितमपल्ली यांनीं वनाधिकारी म्हणून नवेगांवला काढलेल्या काळाचें ‘नवेगावबांधचे दिवस’ हें पुस्तक आहे. सोलापुरास १९३२ सालीं जन्मलेल्या चितमपल्लींचें १८ जून २०२५ रोजीं निधन झालें. येथल्या गोंड, कोहळी, धीवर मंडळींच्या तोंडची पक्ष्यांचीं व झाडांचीं नांवें त्यांनीं मराठींत आणिलीं. तीं नांवें वाचून गेलेला मनुष्य तळ्याकांठीं परका राहत नाहीं.

दुपारची वेळ मोकळी असते, ती झोपेंत घालवूं नये. या भागाला झाडीपट्टी म्हणतात, आणि दिवाळीनंतर धान घरांत आलें कीं होळीपर्यंत गांवोगांव मंडई आणि रात्रभर चालणारीं नाटकें यांचा हंगाम असतो. वडसा हें या नाटकमंडळ्यांचें मुख्य केंद्र. रात्रीच्या नाटकाला जावयाचें तर दुसऱ्या दिवशीं पहाटेची फेरी ठेवूं नये, एवढीच अडचण. अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतच गोठणगांवजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ज्या पठारावरून ते आले त्याच पठारावरचा हंस दर हिंवाळ्यांत शेजारच्या तळ्यावर उतरतो, हा योगायोग मुलांना सांगण्यासारखा आहे.

परतीची गाडी गोंदियाहून दुपारची असेल तर शेवटच्या सकाळीं फेरीचें आरक्षण करूं नये. ती सकाळ पाळीसाठीं राखावी. सूर्य टेकड्यांच्या वर येण्याआधीं तेथें पोंचलें म्हणजे धीवरांच्या होड्या जाळीं काढून कांठाकडे येत असतात, पाणकावळे त्यांच्या मागें असतात, आणि रात्रभर शेतांत चरलेले हंस परतत असतात. त्यांचा आवाज ते दिसण्यापूर्वीं ऐकूं येतो.